कानटोपी घेतली, डोळ्यांचं काय?

नोव्हेंबर लागला की पंचवटीतल्या आमच्या चष्म्याच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू यायला लागतं. "ताई, सकाळी सायकलवर डोळ्यांतून नुसत्या धारा लागतात हो. एखादा ड्रॉप द्या ना." सांगणारा कधी चाळिशीतला आयटीवाला असतो, कधी निवृत्त बँकवाले काका, कधी नुकतीच सायकल घेतलेली आमच्याच गल्लीतली मैत्रीण. बाकीची तयारी चोख असते. विंडचीटर, हातमोजे, कानटोपी, वर हेल्मेट, सायकलही चांगली घसघशीत किमतीची. डोळ्यांवर मात्र काही नाही. किंवा मग गोव्याच्या ट्रिपला घेतलेला काळाकुट्ट गॉगल, जो पहाटे साडेपाचला खिशातच राहतो.

ड्रॉप मी देत नाही. एक तर मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. दुसरं म्हणजे या दुखण्याचं औषध बाटलीत नाही. मेडिकलमधून 'लालीवरचे' म्हणून आणलेल्या काही ड्रॉपमध्ये स्टिरॉइड असतं. ते मनाने महिनोन्‌महिने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. वाऱ्याने येणाऱ्या पाण्यापायी कोणी काचबिंदू ओढवून घेऊ नये.

होतं काय, तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, कॉर्नियावर, अश्रूंचा एक फार पातळ थर कायम पसरलेला असतो. आपण पापणी मिटली की तो नव्याने सारवला जातो. थंडीतली हवा गार असतेच, वर कोरडी. त्यात आपण ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने निघालो की हा थर भराभर वाळतो आणि कॉर्नियावरच्या नसा ओरडायला लागतात. मग वरची अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. हे पाणी वाहून जायची वाट म्हणजे पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यातली दोन बारीक छिद्रं. एवढा लोंढा तिथून जाणार कसा? उरलेलं गालावर येतं. आणि जे छिद्रांतून जातं ते नाकात उतरतं, म्हणून सायकलवर डोळ्यांबरोबर नाकही गळतं. सर्दी झाली म्हणून वाफ घेत बसणारे बरेच जण मुळात डोळ्यांचे गिऱ्हाईक असतात.

गंमत अशी की ज्यांचे डोळे कोरडे असतात त्यांनाच जास्त पाणी येतं. दिवसभर स्क्रीनपुढे बसणारे, साठी ओलांडलेले, एसीत काम करणारे. आधीच थर कमकुवत, त्यावर वारा. हे सगळं वारा अडवल्यावर थांबायला हवं. घरात बसूनही पाणी येत असेल, एकाच डोळ्यातून येत असेल, डोळा दुखत असेल किंवा चिपडं धरत असतील, तर मात्र सायकल बाजूला ठेवा आणि नेत्रतज्ज्ञांकडे जा. अश्रू नाकात नेणारी नळी चोंदलेली असू शकते.

आता कोणी म्हणेल, नाशिकला थंडी ती केवढी! तर निफाडला या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा रोज सकाळी पेपरात छापून येतो आणि चांगल्या थंडीत तो पाच-सहा अंशांवर असतो, काही वर्षी त्याहूनही खाली. पारा आठवर असताना तुम्ही ताशी २५ किलोमीटरने जात असाल तर उघड्या कातडीला ते साधारण चार अंशांसारखं लागतं. आणि चेहऱ्यावर उघडं काय उरतं? गाल आणि डोळे.

पण नुसती थंडी असती तर मी एवढं लिहायला बसले नसते. आमच्या भागात हिवाळा हाच रस्त्यांवर सगळ्यात जास्त गोष्टी उडायचा हंगाम आहे. रविवारी आमचा ग्रुप नांदूर नाक्यावरून निघतो, माडसांगवी, शिलापूर, लाखलगाव करत चांदोरी, आणि जमलं तर पुढे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. २०२० मध्ये तो दर्जा जाहीर झाला. डिसेंबरात तिथे पाहुण्या बदकांची जत्रा भरलेली असते, त्यामुळे हा रस्ता सगळ्यांचा लाडका. आणि डोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात खडतर.

पहिला मान कांद्याचा. लाल कांद्याची आवक सुरू झालेली असते आणि लासलगाव-पिंपळगावकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. ट्रॉलीवर ताडपत्री क्वचितच. एक ट्रॉली पुढे गेली की मागे कांद्याची वाळलेली पापुद्र्यासारखी टरफलं भिरभिरत येतात. टरफल तोंडावर बसलं तर हसू येतं. पण त्याच्याबरोबर शेतातली बारीक माती येते आणि तिच्यात काय काय असतं ते डोळ्यात गेल्यावरच कळतं. उसाच्या गाड्यांचं तसंच. पाचटाची पाती हलकी दिसते, पण कडेला तिला करवतीसारखे दाते असतात. अशा पात्याचा कॉर्नियावर ओरखडा बसला तर तो नुसता ओरखडा राहत नाही. झाडपाल्याने झालेल्या जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि बरा व्हायला तो फार दिवस घेतो. शेतातल्या माणसांना हे माहीत असतं. शहरातून गेलेल्या आम्हा सायकलवाल्यांना नसतं.

दुसरा मान द्राक्षांचा. दिंडोरी रोडला किंवा पिंपळगावच्या अंगाला गेलात तर ऑक्टोबर छाटणीनंतर बागांमधून ब्लोअरचा आवाज येतच राहतो. भुरी, डाऊनीसारखे रोग, थ्रिप्ससारखी कीड, कशावर ना कशावर फवारणी चालू. ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा फवारा बागेपुरता राहत नाही, वारा असेल तर रस्ता ओलांडून येतो. आमच्या दुकानात येणारे एक बागायतदार काका म्हणाले होते, "ताई, तुम्ही लोकं ब्लोअर दिसला की फोटो काढायला थांबता. आम्ही ब्लोअर दिसला की वारा कुठला ते बघतो." बरोबर बोलले. गंधक असो, बुरशीनाशक असो की चुना-मोरचुदाचं बोर्डो, कशाचाही तुषार डोळ्यात गेला तर वाट बघायची नाही. जागच्या जागी थांबून साध्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुताधुताच काढून टाकायची आणि तिथून थेट नेत्रतज्ज्ञांकडे. शक्य असेल तर कुठलं औषध होतं ते बागेत विचारून जायचं. चुन्यासारखे अल्कधर्मी पदार्थ आम्लापेक्षा वाईट, कारण ते डोळ्यात आत आत शिरत जातात.

म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, सायकलवरच्या दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी ठेवा. दोन्हीत इलेक्ट्रॉलचं सरबत करून नेलं तर ऐनवेळी डोळा कशाने धुणार?

आणि तिसरा मान धुराचा. थंडीची लाट आली की निफाडकडचे शेतकरी पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. पारा फार उतरला तर द्राक्षमण्यांना तडे जातात, वर्षाचं उत्पन्न हातचं जातं, त्यामुळे रात्र जागून धूर करतात, ठिबकचं पाणी सोडतात. पहाटे तिथून जाताना धुकं कुठे संपलं आणि धूर कुठे सुरू झाला ते समजत नाही. डोळे चुरचुरायला लागले की समजतं. त्यांच्यावर रागवायचा प्रश्नच नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. आपण आपले डोळे झाकून जायचे.

तर झाकायचे कशाने?

इथे माझ्या धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट सांगते. हिवाळ्यातल्या सायकलीला लागणारा सगळ्यात उपयोगी चष्मा माझ्या दुकानात नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामगारांना देतात तो पारदर्शक, गालापर्यंत वळलेला सेफ्टी गॉगल. शंभर-दीडशे रुपयांत येतो. घेताना काचेच्या कोपऱ्यात किंवा दांडीवर 'ईएन १६६' (EN 166) किंवा 'झेड ८७ प्लस' (Z87+) असं कोरलेलं आहे का ते बघा, ही अनुक्रमे युरोपची आणि अमेरिकेची सुरक्षेची मानकं. ईएन १६६ पुढे 'एफ' असेल, तर ती काच ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून तपासायची कसोटी ठरलेली असते. ट्रकच्या टायरखालून उडालेल्या खड्यापुढे एवढं पुष्कळ झालं. काहीच कोरलेलं नसेल तर तो नुसता प्लास्टिकचा तुकडा आहे असं समजून परत ठेवा.

ही काच पॉलिकार्बोनेटची असते, दुकानातल्या भाषेत 'पॉली'. चष्म्यात नेहमी वापरतो ती सीआर-३९ काच दिसायला स्वच्छ, पण जोराचा मार बसला तर तडकू शकते. पॉली हलकी, मार झेलणारी, आणि अतिनील किरणं तिच्यातून मुळातच जवळजवळ जात नाहीत. त्यासाठी वेगळं कोटिंग लागत नाही. म्हणजे अतिनील किरणांपासून वाचायला काच काळी असावी लागते, हा समज चुकीचा आहे. खरं तर रस्त्यावरचा स्वस्त काळा गॉगल जास्त वाईट. काळोखामुळे बाहुली मोठी होते आणि काचेने अतिनील अडवलं नसेल तर ते आत जास्त शिरतं. पॉलीची एकच खोड, तिला चरे पटकन पडतात. टी-शर्टने पुसायची सवय असेल तर दोन महिन्यांत काच धुरकट.

चेहऱ्यावर कसा बसतो हे मात्र स्वतः बघूनच घ्यायला हवं, ऑनलाइन फोटोवरून कळत नाही. माझ्या दुकानात मी यासाठी टेबलफॅन ठेवला आहे. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवते, चष्मा लावते, फॅन पूर्ण वेगाने सोडते आणि म्हणते, आता मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे, मग हँडलवर वाकल्यासारखी खाली. कुठे गार लागतं ते बोटाने दाखवा. बहुतेकांचं बोट दोन ठिकाणी जातं. एक म्हणजे भुवईच्या वर, जिथे फ्रेम आणि कपाळ यांत फट असते, आणि वाकून बसल्यावर वारा नेमका तिथूनच घुसतो. दुसरी कानाकडची बाजू. नाकाकडे फट असेल तर नोजपॅड थोडे आत दाबून भागतं. कपाळाकडची फट काही दाबून जात नाही, फ्रेमच बदलावी लागते. मग त्यांना डोळे मिचकवायला सांगते. पापणीचे केस काचेला घासत असतील तर तो चष्मा नको, कारण अर्ध्या तासात काचेच्या आतल्या बाजूला तेलकट रेघा उमटतात आणि रस्ता त्या रेघांमधून बघावा लागतो. शेवटी हेल्मेट घालायला लावते. चष्म्याची दांडी आणि हेल्मेटचा मागचा पट्टा यांचं भांडण दुकानातच मिटलेलं बरं. दांडी नेहमी पट्ट्यांच्या वरून घ्यावी, म्हणजे पडलात तर चष्मा सुटून बाजूला जातो, तोंडावर दाबला जात नाही.

एवढं सगळं झालं की लोक खुश होऊन जातात आणि पुढच्या रविवारी फोन येतो. "ताई, काहीच दिसत नाही! वाफ धरते."

थंडीतला खरा शत्रू वाफच. वारा, धूळ, कांद्याची टरफलं या सगळ्यांवर चष्मा हा उपाय आहे, पण वाफ धरली की माणूस चष्माच काढून टाकतो आणि सगळी मेहनत पाण्यात. कारण सरळ आहे. चेहऱ्याजवळची हवा उबदार, दमट. काच बाहेरच्या वाऱ्याने गार झालेली. दमट हवा गार काचेला लागली की थेंब धरतात. सायकल चालू असते तोवर वारा आतली हवा काढून नेतो. म्हणून वाफ धरते ती सिग्नलला, चढावर आणि चहाच्या टपरीवर. वाघेरा घाटात चढ सुरू झाला की माणसाचा वेग पायी चालण्याइतका आणि श्वास मात्र भात्यासारखा. काच लगेच पांढरी.

याचं निम्मं कारण तोंडावरचा बफ किंवा मफलर असतो. आपण तो नाकावरून ओढून घेतो, बाहेर टाकलेला सगळा श्वास मग वरून, गाल आणि चष्म्याच्या मधून निघतो. मास्कच्या दिवसांत चष्मेवाल्यांनी हे भरपूर भोगलं आहे. उपाय असा की बफ नाकाच्या शेंड्याखाली ठेवायचा, नाक उघडं. किंवा नाकावर घ्यायचाच असेल तर तोंडापुढचा भाग सैल ठेवायचा, म्हणजे श्वास पुढून बाहेर जातो. चढ लागला की बफ सरळ गळ्यात. चढावर तसाही वेग नसतो, गार कुठे लागतंय?

काचेला लावायचे अँटीफॉग स्प्रे मिळतात, काही काचांवर कोटिंग आधीपासूनच असतं. ते वाफ थांबवत नाहीत, तर पाण्याचे थेंब होऊ न देता पातळ सपाट थर करतात, त्यामुळे आरपार दिसत राहतं. भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा थेंब ओल्या बोटाने आतल्या बाजूला फिरवून, वरवर धुवून, न पुसता वाळवला तरी तासभर तेच काम होतं. मात्र ज्या काचेवर कंपनीचं कोटिंग आहे तिला साबण लावू नका आणि आतून पुसू तर नकाच, कोटिंग निघून जातं. फटी असलेल्या काचा, म्हणजे वरच्या कडेला बारीक खाचा असतात त्या, वाफेला चांगल्या. टेबलफॅनवर थोडं गार लागलं तरी चालेल. अगदी हवाबंद गॉगल आपल्याकडच्या थंडीला नकोच, तो बर्फातल्या लोकांचा.

रंगांबद्दल फार वाद घालतात लोक. माझं म्हणणं सांगते. पहाटे निघून साडेनऊ-दहापर्यंत घरी येणार असाल तर पारदर्शक काच पुरे. रंगाची क्रमवारी ० ते ४ अशी असते. शून्यातून ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत येतो, तिनातून ८ ते १८ टक्के. बाजारातले बहुतेक काळे गॉगल तीन नंबरवाले. चार नंबरवाला तर गाडी चालवताना वापरायचाच नसतो. धुक्यात पिवळी काच अनेकांना आवडते, तिने कडा उठून दिसतात. आवडत असेल तर घाला, पण ती रात्रीसाठी नाही. समोरच्याचा अप्पर डोळ्यावर आला की पिवळ्या काचेने बरं वाटतं, पण ती उजेड कमीच करते आणि कडेने काळे कपडे घालून चालणारा माणूस दिसायला आपल्याला उजेडच हवा असतो. त्यापेक्षा पारदर्शक काचेवर एआरसी, म्हणजे चमक मारणारं कोटिंग, करून घ्या, काचेवरची चमक कमी होते. पोलराइज्ड काचेतून सायकलच्या कॉम्प्युटरचा पडदा कधीकधी काळा दिसतो आणि रस्त्यावर सांडलेलं ऑइल-पाणी चमकतच नाही, त्यामुळे ते कळत नाही. सायकलसाठी ती मला पसंत नाही.

फोटोग्रे, म्हणजे उन्हात आपोआप काळी होणारी काच, याबद्दल एक गोष्ट फार कमी दुकानदार सांगतात. थंडीत ती जास्त काळी होते आणि परत पांढरी व्हायला जास्त वेळ घेते. मे महिन्यात दुकानाबाहेर दाखवली तर 'ही कुठे काळी होते?' म्हणून गिऱ्हाईक नाराज. तीच काच जानेवारीच्या सकाळी उन्हातून मुंबई नाक्याच्या उड्डाणपुलाखाली शिरलात की अंधार करून टाकते. सवय असेल तर ठीक. नवीन माणसाने आधी मोकळ्या रस्त्यावर अंदाज घ्यावा.

खरा त्रास काळोखाचा नसून उगवत्या सूर्याचा आहे. जानेवारीत नाशिकला सूर्य सात-सव्वासातला वर येतो आणि नंतरचा तासभर अगदी रस्त्याच्या टोकावर बसलेला असतो. निफाडकडे जाणारा रस्ता पूर्वेला, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत. यावर गॉगलपेक्षा हेल्मेटच्या आतून घालायची पातळ टोपी कामाची, तिची पुढची चोच खाली केली की सूर्य अडतो आणि रस्ता दिसतो. पण आपल्याला दिसलं म्हणजे झालं असं नाही. आपल्या मागून येणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांतही तोच सूर्य असतो आणि त्याला आपण दिसत नसतो. त्या तासाला मागचा लाल दिवा चालू ठेवा, उजाडलं म्हणून बंद करू नका. मी तर थंडीत शक्यतो सूर्य पाठीशी घेऊन निघते, म्हणजे आधी गंगापूर, गिरणारे असा पश्चिमेचा रस्ता.

आता नंबरवाले. मी स्वतः त्यातली, उणे साडेतीन. आमच्यासाठी तीन वाटा आहेत आणि तिन्हींत काहीतरी खोट आहे. वळलेल्या फ्रेममध्ये नंबर बसवायचा म्हटलं तर जास्त कर्व्हची काच लागते आणि काच तिरकी बसत असल्याने नंबर आणि पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, दोन्हींत थोडी दुरुस्ती करून घ्यावी लागते. लॅबला तसं लिहून दिलं नाही तर कडेचं जग वाकडं दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं चक्कर येते. चार-पाचच्या पुढचा नंबर असेल तर मी या वाटेला पाठवत नाही. दुसरी वाट, गॉगलच्या आत नंबरची छोटी क्लिप. स्वस्त, पण दोन काचा म्हणजे वाफ धरायला चार बाजू. तिसरी, कॉन्टॅक्ट लेन्स. एकदा वापरून टाकायच्या, रोजच्या लेन्स सायकलीला उत्तम, पण वर साधा सेफ्टी गॉगल हवाच, कारण लेन्सखाली धुळीचा कण अडकला तर तो कॉर्नियावर घासत राहतो. आणि लेन्सला नळाचं पाणी दाखवायचं नाही, ढाब्यावरचं तर अजिबात नाही. पाण्यातल्या अकँथअमिबा नावाच्या जिवामुळे होणारा संसर्ग दृष्टी घालवू शकतो. मी वापरते ते आणखी सोपं आहे. माझ्या रोजच्या चष्म्यावरून बसणारा मोठा पारदर्शक सेफ्टी गॉगल. दिसते मी वेल्डिंगवाली, पण वारा लागत नाही.

डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी हात जातोच, त्यात हातमोज्याला घाम आणि चेनचं ऑइल. थांबा, वरची पापणी केसांना धरून खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा, बरेचदा कण त्यातच निघतो. नाहीतर पाणी. तरी खुपत राहिलं, उजेड सहन होईना, तर तो बहुतेक रुतला आहे. तो आमच्यासारख्यांनीही काढायचा नसतो, नेत्रतज्ज्ञच सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढतात.

कपड्यांबद्दल मी फार बोलत नाही, त्यातले जाणकार ग्रुपमध्ये खंडीभर आहेत. २०१५ मध्ये आमच्या नाशिकच्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. तसं करणारा तो पहिला भारतीय संघ. तेव्हापासून इथे प्रत्येक गल्लीत एक तज्ज्ञ आहे. एवढंच सांगते की निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. घरातून उबदार निघालात तर आडगावपर्यंत आतून भिजता, आणि भिजलेल्या अंगाची वाफ गळ्यातून वर चष्म्यापर्यंतच येते. छातीवर विंडचीटरच्या आत पेपरची घडी घालायची जुनी युक्ती अजूनही चांगली. ऊन झालं की पेपर काढायचा आणि चहाबरोबर वाचायचा.

पेपरवरून आठवलं. थंडीत रोज न चुकता सायकल चालवणारे आम्ही रविवारवाले नाहीच. गिरणाऱ्याच्या रस्त्याला सकाळी शाळेच्या पोरी दिसतात, सरकारकडून मिळालेल्या सायकलींवर, स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधून. सातपूरला पहिल्या पाळीला जाणारे दिसतात. दूधवाले, पेपरवाले. त्यांना कोणी लेन्सचे रंग सांगत नाही. आमच्या कॉलनीत पेपर टाकणारा मुलगा डिसेंबरात लालभडक डोळे घेऊन दुकानात आला होता. कण नव्हता, नुसता वारा आणि धूळ. ड्रॉपऐवजी त्याला सेफ्टी गॉगल दिला आणि वाफेचं तंत्र दाखवलं. थांबलास की गॉगल नाकाच्या शेंड्यावर ओढायचा, निघालास की वर. त्याला दर दोन मिनिटांनी थांबावं लागतं, त्यामुळे हे त्याच्याइतकं सराईतपणे आमच्या ग्रुपमध्ये कोणाला जमत नाही.

परवा विचारलं, कसं काय चाललंय? म्हणाला, "डोळे एकदम ओके, ताई. पण गॉगल घातला की वामनदादांच्या बिल्डिंगमधली कुत्री मला ओळखत नाहीत, थेट पायाला येतात." मग तो त्या एका गेटपुरता गॉगल काढतो, कुत्र्यांना चेहरा दाखवतो, पेपर टाकतो आणि परत लावतो.